बंगल्यावालीच्या हातातल्या बांगड्या

डोणगावात तानुबाईशी वाद घालायला सहसा कोणी धजत नसे. तिचं म्हणणं दरवेळी बरोबर असे म्हणून नव्हे, ती थकत नसे म्हणून. समोरची बाई शेवटी स्वयंपाकाचं निमित्त काढून उठे. वय पंचावन्नच्या आसपास. एवढ्या वयात आपण कोणापुढे गप्प बसलो, असं तिला एकदाही आठवत नव्हतं. नवरा लवकर गेला, पुढे एकुलता एक मुलगा शेषराव साप चावून गेला. पण ते देवाचं काम, तिथे बोलून उपयोग नव्हता.

घरात आता दोघीच होत्या. तानुबाई आणि शेषरावाची बायको कोकिळा. कोकिळेला तिशी लागली होती. लेकरू झालं नव्हतं, विधवा होऊन सहा वर्षं झाली होती. माहेरी आईबाप उरले नव्हते. अडीच एकराचं शेत दोघी मिळून करत, म्हणजे तानुबाई सांगे आणि कोकिळा करी. तिला कधी कोणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. तानुबाई म्हणायची, 'माह्यी सून गाय हाये गाय,' आणि ते कौतुकच आहे असं सगळे धरून चालत.

शेतातली कामं सरत आली की पौष-माघात दोघी उत्तमरावांच्या टिनाखाली जात. उत्तमराव मिरचीचे व्यापारी. त्यांच्या टिनाच्या छपराखाली वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग पडलेले असत आणि पंधरा-वीस बाया ढिगाभोवती बसून मिरच्यांचे देठ तोडत. काम हलकं दिसतं, पण हलकं नाही. बोटं दिवसभर आग आग करतात, आणि पहिल्या दिवशी नवी बाई चुकून डोळ्याला हात लावते. लावल्यावर ती कशी नाचते ते पाहणं हा बाकीच्यांचा दरसालचा कार्यक्रम.

त्या साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा, या कार्यक्रमाचा भाव उतरला. कारण उत्तमरावांनी मलकापुराहून ट्रान्झिस्टर आणला आणि टिनाखालच्या खुंटीला टांगला. बायका गाणी ऐकतील आणि देठ भराभर तोडतील असा त्यांचा हिशेब. पण दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता रेडिओवर एक नाटक लागू लागलं, आणि त्या अर्ध्या तासात टिनाखाली एक देठ तुटेना. उत्तमरावांनी दोन गुरुवार आरडाओरडा केला. तिसऱ्या गुरुवारी ते वजनाचा काटा तपासायला म्हणून बरोबर अडीचला आले आणि तीन वाजेपर्यंत काटा तपासत राहिले.

नाटकाचं नाव होतं 'तळ्याकाठचा बंगला'. पहिल्याच भागात बंगल्याचा मालक तळ्यात मेलेला सापडला. हातातलं घड्याळ मात्र चालू होतं. दुसऱ्या भागात माळी नाहीसा झाला. चौथ्यात इन्स्पेक्टर आला, सहाव्यात स्वयंपाकीण विष खाऊन मेली. एवढी माणसं मरत असताना बंगल्यात दोघं शिल्लक राहिली, मालकाची तरुण विधवा आणि मालकाचा मॅनेजर. त्यांना नावं होती, पण शहरी नावं टिनाखाली टिकली नाहीत. ती बंगल्यावाली झाली आणि तो नुसता मॅनेजर.

ही दोघं एकमेकांशी कशी वागत ते कोणालाच नीट कळत नव्हतं. लिहिणाऱ्यानेच ते तसं ठेवलं असावं. दोघं एका टेबलावर जेवत आणि लग्नघरी शेजारी बसवलेल्या दोन अनोळखी पाहुण्यांसारखी बोलत. ती त्याला 'आपण' म्हणे. तो तिला 'बाईसाहेब' म्हणे. पाचव्या भागात मध्यरात्री जिन्यावर दोघांची गाठ पडली. ती म्हणाली, "आपण झोपला नाहीत?" तो म्हणाला, "तुम्हीही नाही." मग बराच वेळ नुसतं भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं आणि भाग संपला. त्या 'तुम्हीही नाही'वर डोणगावात तीन आठवडे चर्चा चालली.

टिनाखाली दोन पक्ष पडले. एक पक्ष सरस्वतीबाईचा. ही जळगाव जामोदची माहेरवाशीण, हसरी, धिप्पाड, आणि अख्ख्या गावात तानुबाईसमोर टिकणारी एकटी. तिचं म्हणणं सरळ होतं. या दोघांचं लफडं आहे, मालकाला दोघांनी मिळून ढकललं, आणि बाकीच्यांना ते कळलं म्हणून बाकीचे गेले.

दुसरा पक्ष अर्थात तानुबाईचा. दोघांमध्ये काही नाही, हे तिचं म्हणणं.

"तो तिची राखण करून राह्यला," ती म्हणे. "मालकाचं मीठ खाल्लं त्यानं."

"राखण?" सरस्वतीबाई म्हणे. "राखणवाला अर्ध्या रातीचं जिन्यावर कायले फिरते वं? आन् फिरला तं 'तुमी बी झोपल्या नाई' असं बोलते काय?"

"मंग काय बोलावं त्यानं? घरात माणसं मरून राह्यली. झोप कोनाले येईन?"

"बाई जवान हाये, तानुबाई."

"जवान असली म्हनून काय झालं? बाई तशीच राहू शकते. तिले काई लागत नाई."

या शेवटच्या वाक्यावर दोन-चार जणींचे डोळे कोकिळेकडे जाऊन परत येत. कारण असं होतं की बंगल्यावालीच्या आधीपासून डोणगावात दुसरी एक गोष्ट चालू होती. सरस्वतीबाईच्या माहेरी, जळगाव जामोदला, तिचा चुलतभाऊ रंगराव होता. चार एकराचा बागायतदार, बायको बाळंतपणात गेलेली. त्याने दोन वर्षांपूर्वी सरस्वतीबाईच्या हाती कोकिळेसाठी पाटाचा निरोप धाडला होता. या लोकांमध्ये विधवेला दुसरं लग्न वर्ज्य नाही. पहिलं लग्न उजेडात, वाजतगाजत; दुसऱ्याला पाट म्हणतात, तो अंधाऱ्या रात्री, सवाष्णींच्या नजरेआड लावतात, एवढाच फरक. तानुबाईने तेव्हा सांगितलं, "पोरीचं मन नाई." वर्षाने पुन्हा निरोप आला. तानुबाईने पुन्हा तेच सांगितलं. कोकिळेला तिने एकदाही विचारलं नव्हतं.

का विचारलं नाही, ते तिला पक्कं ठाऊक होतं. कोकिळा गेली तर अडीच एकर कोण करील, हे एक. आणि दुसरं, जे ती स्वतःशीही पुरतं बोलत नसे: संध्याकाळी घरी गेल्यावर चुलीपाशी कोण असेल? तानुबाईला एकटेपणाची फार भीती वाटत होती. म्हणून विधवा बाईला काही लागत नाही, असं ती बंगल्यावालीच्या नावाने दर गुरुवारी सगळ्यांना पटवत होती, आणि त्यात थोडं स्वतःलाही.

आठव्या भागाच्या दिवशी भिमाबाई टिनाखाली आली. भिमाबाई कासारीण, गावोगाव बांगड्या भरत फिरणारी. गुरुवारी सगळ्या बाया एका जागी सापडतात हे तिने हेरलं होतं. तिने गाठोडं उतरवलं तेवढ्यात अडीच वाजले, उत्तमराव काट्यापाशी येऊन उभे राहिले आणि नाटक सुरू झालं.

त्या दिवशी कोणी मेलं नाही. इन्स्पेक्टर निघून गेला, आणि बंगल्यावाली मॅनेजरला म्हणाली, "आपण चहा घेणार?" मग किटलीचा आवाज आला, कपात चहा पडल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजात मिसळून, अगदी स्पष्ट, बांगड्या किणकिणल्या.

विधवा बाई. तिच्या हातात बांगड्या.

सगळ्या माना भिमाबाईकडे वळल्या. भिमाबाईने बोट ओठावर ठेवलं. रेडिओतल्या बाईने कप पुढे केला, पुन्हा किणकिण झाली. भिमाबाईने डोळे मिटून ती ऐकली.

"काचेच्या," ती म्हणाली. "दोनी हातात. डाव्यात चार, उजव्यात पाच. पाटल्या नाईत."

आता खरी गोष्ट एवढीच असणार की दूर शहरात, रेडिओच्या कुठल्या तरी बंद खोलीत, एक नटी आपल्या रोजच्या बांगड्या काढून ठेवायला विसरली असेल, आणि तिथे कोणाचं लक्षही गेलं नसेल. पण हे डोणगावात कोणाच्या डोक्यात आलं नाही, येणारही नव्हतं. नवरा गेला की काचेच्या बांगड्या फुटतात, आणि पाट लागल्याशिवाय परत हातात चढत नाहीत. हे इथल्या सहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. ज्याने हे नाटक लिहिलं त्यानेच हा पुरावा पेरला, यात कोणाला शंका राहिली नाही.

नाटक संपताच सरस्वतीबाईने मांडीवर थाप मारली.

"आयकलं? आता बोला! म्हने राखण करून राह्यला. चोरून बांगड्या भरते ती. त्याच्याच नावाच्या!"

तिच्या पक्षातल्या बाया हसल्या. तानुबाईच्या पक्षातल्या दोघी-तिघींनी मिरच्या पुढे ओढल्या आणि मान खाली घातली. उत्तमराव काट्याजवळून हलले नाहीत. तानुबाईचं तोंड कडू झालं, पण ते एकच क्षण. तिचं डोकं असल्या अडचणीतच चालायचं.

"चोरून?" ती म्हणाली. "सरस्वते, लफडं करणारी बाई हातात वाजणाऱ्या बांगड्या भरीन काय वं? घरात इन्स्पेक्टर येऊन जाऊन राह्यला आन् ही किण किण करत चहा देईन? जिले लपवाचं हाये ते हात मोकळे ठेवीन."

आता सरस्वतीबाईने मिरच्या पुढे ओढल्या. तानुबाईने ते पाहिलं, आणि तिला चेव चढला.

"मी सांगतो काय झालं ते," ती म्हणाली. रंगात आली की ती पुरुषासारखी बोलायची. "त्या दोघायचा पाट लागला हाये. रीतसर. ते त्याची बायको हाये. लफडं नाई, काई नाई. चार जणांत सांगता येत नाई एवढंच."

"काऊन येत नाई?" सरस्वतीबाई म्हणाली.

"घरच्यायनं अडवलं असन! मालकाची माय असन, भाऊ असन. त्यायले बाई घरातच ठेवाची असन, कामाले. स्वतःच्या सोईसाठी. म्हनून बिचारीले अंधारात पाट लावा लागला आन् अंधारातच नांदा लागून राह्यलं."

"मंग पाप कोनाचं?" उत्तमरावांनी विचारलं. ते पहिल्यांदाच चर्चेत पडले होते.

"अडवणाऱ्यायचं!" तानुबाई कडाडली. "बाईचं काऊन? जवान बाई हाये, तिले तिचं मन हाये का नाई? तिले कोनी एका शब्दानं तरी इचारलं काय?"

आणि मग तिने भोवती पाहिलं.

कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. सगळ्या बाया आपापल्या ढिगाकडे पाहत होत्या, आणि कोणाचेच हात चालत नव्हते. फक्त पलीकडच्या ढिगाशी बसलेली कोकिळा खाली मान घालून देठ तोडत होती. एकामागून एक, तटातट. सरस्वतीबाईने आवाज चढवला नाही. तिने डोळ्यात डोळा घालून तानुबाईकडे पाहिलं आणि मग नजर काढून घेतली. ती नुसती हसली असती तर तानुबाईला पुढे बोलता आलं असतं.

सुट्टी झाल्यावर सरस्वतीबाई वाटेत तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तानुबाई, रंगराव येऊन राह्यला शुक्रवारच्या बजाराले. ह्या नाई, पुढच्या. लोकं त्याले दुसऱ्या सोयरिका दाखवून राह्यले, पण तो म्हनते एक डाव अजून इचारून पाय. काय सांगू?"

"सांगीन," तानुबाई म्हणाली.

पुढचे दिवस तिला वाईट गेले. सरस्वतीबाईचा राग आला, रेडिओचा आला, बांगड्या मोजणाऱ्या भिमाबाईचा तर फारच आला. आणि गावाला ही गंमत आता पुरती मिळाली होती. वाण्याच्या दुकानात, विहिरीवर, जो तो विचारी, "काय तानुबाई, बंगल्यावालीचा पाट लागला म्हने?" हो म्हणावं तर अडवणाऱ्याचं पाप आपल्यावर येई. नाही म्हणावं तर बंगल्यावालीचं लफडं आहे असं कबूल करावं लागे, म्हणजे सरस्वतीबाई जिंकली. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली होती, आणि ती तिने स्वतःच्याच जिभेने केली होती.

घरी कोकिळा नेहमीसारखीच होती. भाकरी तितक्याच, बोलणं तितकंच. तानुबाई तिच्या तोंडाकडे चोरून पाही. सहा वर्षं या एका चेहऱ्यासमोर आपण जेवलो, आणि तो आपल्याला वाचता येत नाही, हे तिच्या तेव्हा प्रथम लक्षात आलं. ही इथे मायेने राहिली की दुसरी वाट नाही म्हणून राहिली? टिनाखाली त्या दोन परक्या माणसांचं मन तिने आठ आठवडे छातीठोकपणे सांगितलं होतं. या घरातलं तिला सांगता येईना.

मंगळवारी दोघी शेतात शेवटच्या तोड्याला गेल्या. झाडांवर थोडक्याच मिरच्या उरल्या होत्या. दोन ओळींमधून दोघी समोरासमोर चालल्या होत्या.

"कोकिळे," तानुबाई म्हणाली, "तुले काय वाटते वं? त्या दोघायचं?"

"कोन दोघं?"

"बंगल्यावाली आन् मॅनेजर."

कोकिळेने तोडलेली मिरची ओच्यात टाकली. "तुमी तेच इचारून राह्यल्या का दुसरं काई, आत्याबाई?"

तानुबाई थांबली. मग तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. रंगराव, जळगाव जामोद, चार एकर बागायत, पहिली बायको कशाने गेली, माणूस दारू पीत नाही, सगळं. दोन वर्षांपूर्वीही निरोप आला होता, हेही सांगितलं. आपण काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं.

"जाशीन का?" तिने विचारलं.

"जाईन," कोकिळा म्हणाली.

नाही म्हणाली तर काय बोलायचं ते तानुबाईने ठरवून ठेवलं होतं. रडली तर काय बोलायचं तेही ठरवलं होतं. या एका शब्दाची तयारी तिने केली नव्हती. ती झालेली ओळच पुन्हा तोडू लागली. लाल संपल्या म्हणून हिरव्या तोडल्या. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कवापासून होतं मनात?" पण कोकिळा तोवर पुढच्या ओळीत गेली होती आणि ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही.

तानुबाईने आपल्या मनाशी उत्तर लावून घेतलं. पहिल्यापासून असणार. दोन वर्षं या पोरीला आपण कोंडून ठेवलं. हे वाईट होतं, पण सरळ होतं, आणि कबूल केलं की संपणारं होतं. ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि पहाटे तिने एक गोष्ट ठरवली, जी तिने जन्मात कधी केली नव्हती.

गुरुवारी अडीचला पाच मिनिटं कमी असताना ती टिनाखाली उठून उभी राहिली. उत्तमराव काट्यापाशी आलेच होते.

"सरस्वतीबाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने तिला 'बाई' लावून कधी हाक मारली नव्हती. "रंगरावाले सांगजो, पोरगी हो म्हनते. पाट माह्या घरून लागन. तिले माहेर नाई." एवढ्यावर थांबता आलं असतं. ती थांबली नाही. "आन् अजून एक. दोन डाव मी तुले सांगतलं का पोरीचं मन नाई. ते मी खोटं बोलली. मी तिले इचारलंच नोहतं. माह्या सोईसाठी."

सरस्वतीबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. मग तिने आपल्या शेजारची टोपली सरकवून जागा केली, आणि तानुबाई तिथे जाऊन बसली. रेडिओतून बंगल्याच्या फाटकाचा करकर आवाज आला. नववा भाग बराच भयंकर होता, तळ्यातून अजून एक प्रेत निघालं, पण त्या दिवशी त्याच्यावर चर्चा झाली नाही. उत्तमरावांनी एकदा विषय काढून पाहिला आणि सोडून दिला.

संध्याकाळी दोघी घराकडे निघाल्या. तानुबाईला हलकं वाटत होतं. फार वर्षांनी छातीवरचं काही उतरलं होतं, आणि खरं बोलून आपण थोडं पुण्य केलं असंही तिला वाटत होतं. वाट सुनी होती. मारुतीच्या देवळापाशी कोकिळा म्हणाली,

"तुमी तेथी सगळ्यायसमोर काऊन सांगतलं?"

"खोटं बोलली होती म्हनून सांगतलं. तुले कोंडून ठेवलं मी."

"खोटं नोहतं ते."

तानुबाईला वाटलं, सून आपलं समाधान करते आहे. "राहू दे वं," ती म्हणाली.

"नाई, आयका." कोकिळा चालता चालताच बोलत होती, नेहमीच्या हळू आवाजात. "पयला निरोप आला, तो मले त्याच दिवशी समजला होता. सरस्वतीबाईच्या घरूनच समजला. मी म्हनलं, आत्याबाई आज इचारतीन. मी काय सांगाचं तेही ठरवलं होतं. सांगाचं होतं, मले कोठी जावाचं नाई, मी तुमच्यापाशी राहीन. तुमच्याशिवाय मले कोन हाये?"

तानुबाई एक पाऊल मागे राहिली.

"आज नाई इचारलं, म्हनलं उद्या इचारतीन. पोळा झाला, दिवाई झाली. तुमाले म्हैस इकाची होती तवा मले इचारलं होतं, आत्याबाई. दोन डाव इचारलं, इकू का नाई. मंग दुसऱ्या वर्सी निरोप आला. तवाही मी वाट पायली. मंग वाट पाहाचं सोडून देल्लं."

"कोकिळे, मले वाटलं तू जाशीन," तानुबाई म्हणाली. "मले भेव वाटलं. तू हो म्हनशीन म्हनून नाई इचारलं."

"मी नाई म्हनली असती."

"आन् आता?" तानुबाईने विचारलं. "आता तं इचारलं ना मी? आता?"

कोकिळेने डोक्यावरची टोपली दुसऱ्या हाताने सावरली.

"आता जाईन," ती म्हणाली.

कोकिळा पुढे, तानुबाई मागे, अशा दोघी गावात शिरल्या. तानुबाई रडत होती. मिरचीचे हात म्हणून तिला डोळेही पुसता येत नव्हते. कोकिळेने मागे वळून पाहिलं नाही, पण आपली चाल तिने हळू केली.